संदेशने न काढलेली चौकट

माझा भाऊ संदेश ह्याच्यासारखा विजेच्या पॅनलचा माणूस रत्नागिरी तालुक्यात दुसरा नाही. भाऊ म्हणून सांगत नाही. मी गंगाराम, आठवी शिकलेला माणूस, छोटा हत्ती टेम्पो चालवतो, पण आंब्याचे क्रेट घेऊन मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मी सात कंपन्यांच्या गेटातून आत गेलोय. पॅनल उघडं टाकून आत नुसते बघत बसलेले, हातात टेस्टर धरून पुण्याला फोन लावणारे, सगळे बघितलेत. संदेश फोन लावत नाही. तो ऐकतो. आत रिले टकटकतात ना, ते ऐकतो आणि बोट ठेवतो, "ही तार." आणि तीच असते.

हे मी वाडीच्या मंडळाच्या अंकात लिहितोय, कारण यंदा शिमग्याला मुंबईची मंडळी आली तेव्हा सहाणेवर, पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर, बसून बोलणं चाललं होतं, की गंगारामच्या भावाने कंपनी फोडलीन, रामाकाकांना भाजलंन आणि नोकरी घालवून घरी बसलाय. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. पालखीसमोर वाद नको म्हणून गप्प राहिलो. गंगाराम गप्प राहिला, असं तुम्हाला ह्याआधी कधी आठवतंय काय? म्हणून आता लिहितो. पुरतं वाचा, मग काय ते बोला.

संदेश माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी धाकटा. वडील गेले तेव्हा तो चौथीत होता. त्याला मी शिकवला. शिकवला म्हणजे शाळेत मास्तरांनी शिकवला, पण शाळेत मी घातला. नववीत असताना त्याने वाडीच्या टाकीचा पंप आपोआप चालू-बंद होईल असा केलान. तुटक्या स्लिपरचा तुकडा पाण्यावर तरंगत सोडलान, त्याला दांडी, दांडीला बटन. पाणी खाली गेलं की पंप चालू, वर आलं की बंद. सरपंच बघायला आले. मी बोललो, "फोटो काढा, पेपरला द्या." ते बोलले, "अरे स्लिपरचा काय फोटो काढायचा?" अशी आपली माणसं. तो पंप सहा वर्षं चालला.

मग आयटीआय झालं, डिप्लोमा झाला. आणि आपल्याच वाडीचे रामाकाका ज्या आंब्याच्या पल्पच्या कंपनीत चोवीस वर्षं वाफेच्या लाईनवर होते, तिथे त्यांनी शब्द टाकून त्याला लावला. कंपनीचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. रामाकाकांनी शब्द टाकला हे मात्र लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात ते विसरायला नको.

संदेशचं काम काय, हे वाडीत मी सोडून कोणाला धड सांगता येत नाही, म्हणून सांगतो. कंपनीत मोटारी, पंप, व्हॉल्व असतात. कोणी कधी चालू व्हायचं, कधी थांबायचं, हे एक डबा ठरवतो. त्या डब्यातला प्रोग्रॅम अक्षरांत लिहीत नाहीत, चित्रात काढतात. शिडी असते बघा, तशी. दोन उभ्या काठ्या, मध्ये पायऱ्या. पायरीवर डावीकडे 'हे असेल तर', उजवीकडे 'हे कर'. टाकी भरली असेल आणि झाकण लागलं असेल तर ढवळणी फिरव. अशा शेकड्यांनी पायऱ्या संदेशने काढल्यान. मी एकदा स्क्रीनवर बघितलं. वाहता करंट हिरवा दिसतो, एकेक पायरी उजळत जाते. मी तिथल्या सगळ्यांना सांगितलं, हा माझा भाऊ. त्यांना ठाऊकच होतं म्हणा.

चार वर्षं तो कंत्राटावर होता. दर मे महिन्यात कागद नवा व्हायचा, आणि दर मे महिन्यात आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. गेल्याच्या आदल्या दिवाळीत मॅनेजर सलिल साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. पुण्याहून एक नवीन सिस्टीम येणार होती. साहेब बोलले, "संदेश, ही ह्या हंगामात चालवून दाखव. अक्षय तृतीयेला माल घेणारी मुंबईची पार्टी बोलावणार आहे मी. चालली, तर तू कायम. आणि नुसता कायम नाही, तिन्ही प्लांटचा इनचार्ज. नाही चालली तर कंत्राट मे महिन्यात संपतंय, पुढचं मला विचारू नको."

इतकंच पणाला होतं. कायम किंवा घरी. मी ते वाडीत सगळ्यांना सांगून टाकलं, 'नाही चालली तर' सोडून.

ती सिस्टीम अशी, की शिडी तुम्ही काढायचीच नाही. शिडी ती स्वतः काढते. तुम्ही फक्त चौकटी भरायच्या. एक काम, एक चौकट. चौकटीच्या वर लिहायचं, हे काम करायच्या आधी काय असायला हवं. खाली लिहायचं, केल्यावर काय होतं. सगळ्या कामांच्या चौकटी झाल्या की सांगायचं, आत्ता असं आहे, मला तसं हवंय. मग ती स्वतः चौकटी पुढे-मागे लावते, सगळ्यांत जवळचा रस्ता काढते आणि त्याची शिडी बनवते.

मला काय समजेना. संदेशने माझ्या टेम्पोवर समजावलंन. "दादा, गाडी चालू आहे आणि गाडी दुसऱ्या गिअरात हवी आहे. काय करशील?"

"गिअर टाकीन."

"क्लच?"

"तो काय सांगायला हवा? पाय जातोच."

"तुझा पाय जातो. हिला पाय नाही. क्लचची चौकट भरली नाहीस तर ही सरळ गिअर ओढेल. आणि वर तुला सांगेल, बघ, एक काम वाचवलं."

"मग शहाणी कसली? माझा क्लीनर बरा."

"तुझा क्लीनर मागच्या महिन्यात डिझेलच्या टाकीत पाणी घालत होता," संदेश बोलला. हसलो आम्ही. तेव्हा घरात हसत होतो.

ती सिस्टीम घेऊन पुण्याची आर्या मॅडम आली होती. संदेशच्याच वयाची. बाई चांगली होती हे लिहायलाच हवं, कारण आपल्याकडे तिलाही नावं ठेवून झाली आहेत. तिने पहिल्याच दिवशी संदेशला बजावलं होतं, "तुम्ही जे चौकटीत घालणार नाही, ते हिच्यासाठी जगात नाही."

मग संदेश दोनशे पानी वही घेऊन एकेका ऑपरेटरच्या शेजारी जाऊन बसायला लागला. बॉयलरवाला, पल्परवाला, डबे सील करणाऱ्या बायका. प्रत्येकाला एकच विचारायचा, "नि त्याच्या आधी?" घरीसुद्धा तेच. आई भाकरी वाढताना बोलली, पीठ मळलं, तर हा, "नि त्याच्या आधी?" आई बोलली, "आधी तुला जन्माला घातला, ती चूक झाली."

रामाकाकांशी त्याचं बोलणं झालं तेव्हा मी तिथेच होतो, क्रेटची पावती घ्यायला थांबलेलो.

"काका, कढईला वाफ कशी देता?"

"व्हॉल्व उघडतो."

"नि त्याच्या आधी?"

"आधी बॉयलरवाल्याला हाक मारतो, प्रेशर आला काय म्हणून."

"नि त्याच्या आधी?"

"आधी चा पितो. लिव, ता पन लिव. चहात साखर दोन चमचे." सगळे हसले. "लिवलंस? नायतर तुजी मशीन बिनसाखरेचा देयाची."

संदेश हळू बोलला, "आणि काका, गाऱ्हाणं?"

"ता देवाचं रे," काका बोलले. "तुज्या मशीनला ता कशाला?"

आता हे गाऱ्हाणं सांगायला हवं. रोज सकाळी सातला, वाफ सोडायच्या आधी, रामाकाका लाईनच्या टोकाला जायचे. तिथे खाली जमिनीलगत एक छोटा कॉक आहे, नळाच्या तोटीसारखा, तो उघडायचे. मग मोठा व्हॉल्व फक्त अर्धा आटा फिरवायचे आणि हात जोडून त्या कॉकजवळ उभे राहायचे. "बा म्हाराजा, आज ह्या कामाला हात घातलाव. लेकरांच्या हातापायाला धक्का लागू देव नको..." जो कोणी तिथे असेल तो बोलायचा, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं चांगलं लांब. सगळ्या देवांची नावं, वाटेवरचे-कुंपणावरचे राखणदार, कोणी सुटायचा नाही. तोवर खालच्या कॉकातून फुरफुर करत पाणी यायचं, मग पाणी आणि वाफ, मग नुसती वाफ. तिला काका म्हणायचे देवाची वाफ. पहिली देवाला दाखवायची, मग आपण घ्यायची. नुसती वाफ आली की गाऱ्हाणं संपायचं. कॉक बंद, व्हॉल्व पुरता. त्यांच्या आधीचा जो जुना बॉयलरवाला होता, त्याने त्यांना असंच शिकवलेलं. मीसुद्धा कितीतरी वेळा क्रेट उतरवता उतरवता 'व्हय म्हाराजा' केलेलं आहे. संदेश तर रोज.

त्याच संध्याकाळी जेवताना संदेशने मला विचारलंन. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही.

"दादा, रामाकाकांच्या गाऱ्हाण्याची चौकट करू काय?"

मी बोललो, "वेडा झालास? त्या चौकटीत काय लिवणार? राखणदार?"

"तसं नाही. ते कॉक उघडतात, अर्धा आटा देतात. चार-पाच मिनिटं जातात त्यात. कशासाठी ते मला समजत नाही. मी वाफेतला नाही, मी करंटमधला."

"देवासाठी. काकांनी सांगितलं ना?"

"पण मॅडम बोलली, जे चौकटीत नाही..."

"संद्या," मी बोललो, "ती पुण्याची बाई. तिच्या स्क्रीनवर तू गाऱ्हाणं घालशील, ती तोंडावर हसणार नाही, पण पुण्याला जाऊन सांगेल, रत्नागिरीच्या इंजिनिअरने मशीनला गाऱ्हाणं शिकवलंन. तू आता वाडीतला पोर नाहीस. तिन्ही प्लांटचा इनचार्ज होणार तू. तसा वाग."

तो भात कालवत बसला. मी आठवी, तो डिप्लोमा. पण घरात शब्द माझा चालायचा, कारण तसा मीच चालवत आलो होतो.

त्रेसष्ट चौकटी झाल्या. मार्चमध्ये चाचण्या घेतल्या, आंब्याशिवाय, कढईत पाणी घालून. दहा चाचण्या, दहाही पास. हाताने बावीस मिनिटं लागायची ती लाईन सिस्टीमने तेरा मिनिटांत उभी केली. मोठ्या व्हॉल्ववर चाचण्यांआधीच मोटार बसवली होती, सकाळी सातला काका मात्र हाताचं चाकच फिरवायचे. सलिल साहेबांनी संदेशच्या पाठीवर थाप मारली, आणि मी ती थाप चार गावांत पोचवली.

आता हे नीट वाचा, कारण सगळं इथेच आहे. त्या दहाही चाचण्या सकाळी अकरानंतर झाल्या. सातला रामाकाकांनी आपलं रोजचं केलेलं असायचं. अकराला पाइप तापलेला, कोरडा. म्हणजे दहाही चाचण्यांत काकांचं काम आत होतं, आणि ते कोणाला दिसलं नाही. सिस्टीमला नाही, मॅडमला नाही. संदेशलाही नाही.

अक्षय तृतीया. सकाळी सात. मुंबईची पार्टी आलेली, पॅनलला झेंडूचा हार. मी टेम्पो धुऊन नेलेला, स्वतः इस्त्रीचा शर्ट घातलेला. रामाकाका नारळ घेऊन आले.

"साहेब, गाऱ्हाणं घालू ना?"

"घाला की," सलिल साहेब बोलले. "फक्त व्हॉल्वला हात नको. आता तुम्ही आराम करायचा."

काका आपल्या रोजच्या जागेवर, त्या कॉकजवळ, जाऊन उभे राहिले. दुसरीकडे कुठे उभं राहायचं त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि मला राहवलं नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "रामाकाका, देवाला आता रजा द्या! माझा भाऊ आलाय."

सगळे हसले. पार्टीवाले हसले, साहेब हसले. रामाकाकासुद्धा हसले. संदेश हसला नाही, पण मला तेव्हा वाटलं टेन्शन असेल.

त्याने बटन दाबलंन. स्क्रीनवर चौकटी एकेक हिरव्या व्हायला लागल्या. काका गाऱ्हाणं घालत होते, 'म्हाराजा'ला दोघे-तिघे 'व्हय' बोलले, बाकी सगळे स्क्रीन बघत होते. काकांनी सवयीने वाकून कॉकला हात घातला. तेवढ्यात मोटारीने मोठा व्हॉल्व एका दमात पुरता उघडलान.

पाइपात कोणी घण मारावा तसा आवाज झाला. ठण्ण. मग अजून एक, मोठा. अख्खी लाईन हलली. रात्रभर थंड पाइपात जमलेलं पाणी वाफेने गोळीसारखं ढकलत नेलं होतं, आणि टोकाच्या वळणावर ते आदळलं. जोडावरचं पॅकिंग फाटलं. सगळं पांढरं झालं. पांढऱ्यातून काकांचा आवाज आला. तो आवाज मी लिहीत नाही.

संदेशने लाल बटन मारलंन आणि तो पांढऱ्यात शिरला. मोटार अडकली होती. त्याने मोठा व्हॉल्व हाताने बंद केलान. दोन्ही तळवे सोलून निघाले त्याचे. मी कुठे होतो? मी दारात होतो. दारातच राहिलो.

स्क्रीनवर सगळ्या चौकटी हिरव्या होत्या. हे मला नंतर आर्या मॅडमने सांगितलं. एकही लाल नाही. ती सांगताना रडत होती.

काकांना आधी सिव्हिलला, मग कोल्हापूरला नेलं. उजवी बाजू, हात, मान. उजवा डोळा गेला. एकेचाळीस दिवस ते तिथे होते.

दहाव्या दिवशी साहेबांनी संदेशला बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक चौकशीचा, इंग्लिशमध्ये. त्याचा अर्थ साहेबांनीच सांगितला. वारंवार विचारूनही ऑपरेटरने सुरुवातीची एक क्रिया लपवली, आणि चालू लाईनला परवानगीशिवाय हात लावला. खाली सही संदेशने करायची. दुसरा कागद कायम केल्याचा. सही केली तर दोन्ही कागद एकदम. दोष काकांवर गेला की काका कामावरून कमी, दवाखाना त्यांचा त्यांनी बघायचा. साहेबांनी दोन दिवस दिले.

घरी आल्यावर मी त्याला काय सांगितलं, तेही लिहितो. मी बोललो, "सही कर."

"दादा, खोटं आहे ते."

"खोटं कसं? तू विचारलंस. ते बोलले, मशीनला कशाला. आहे का नाही?"

"त्यांनी लपवलं नाही. त्यांना ते काम वाटलंच नाही. देवाचं वाटलं." मग तो बोलला, "त्या जुन्या बॉयलरवाल्याला सगळं ठाऊक असणार रे. पाइप आधी तापवायचा, पाणी काढायचं. घाईत कोणी ते चुकवेल म्हणून त्याने त्याला देवाचं नाव दिलंन. काम चुकवतात, देवाला कोण चुकवत नाही."

"तू कुठे चुकवलंस? तू विचारलंस ना!"

"मी तुला पण विचारलं होतं," संदेश बोलला.

मी बोललो, "ते घरातलं बोलणं."

हे माझे शब्द. आता कागदावर बघतो तेव्हा मलाच कसेसे वाटतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोने कोल्हापूरला गेलो. वॉर्डाच्या दारात चिमाकाकी, काकांची बायको, स्टुलावर बसली होती. तिने संदेशच्या बांधलेल्या हातांकडे बघितलंन, त्याला जवळ बसवलंन. मग माझ्याकडे बघून बोलली, "काय रं गंगाराम, देवाला रजा दिलीस न्हवं? घेतलीन हो त्याने."

मी खाली बघत उभा राहिलो.

आत काका पट्ट्यांत. आवाजावरून ओळखलंनी. "संद्या आलास? माज्यामुळं तुजं नाव खराब झालं रे. तू विचारलंस तवा मी सांगाया हवं होतं. सायेब कागद आणतील तर घाल सही. माजी नोकरीची दोनच वर्सं राहिली."

"काका," संदेश बोलला, "मी चार वर्षं तुमच्या मागे उभा राहून 'व्हय म्हाराजा' बोललो. मला दिसत होतं. मला लाज वाटली लिहायची."

"लाज? कसली रं?"

त्यावर संदेशने माझ्याकडे बघितलंन नाही. मुद्दाम बघितलंन नाही. मला ते कळलं. काकांना काय कळलं ते ठाऊक नाही. ते बोलले, "जाव दे. पानी देस जरा." त्याच्या हातांना पट्ट्या, पाणी मी दिलं.

परत आलो तो मुदतीचा शेवटचा दिवस होता. मी त्याला गेटवर सोडला आणि टेम्पोत बसून राहिलो. मनात हिशेब एकच, हा सही करेल, रागाने का होईना, करेल. बाहेर येईल, चार दिवस तोंड फुगवेल, मग इनचार्ज. मी वाडीत जाऊन सांगेन. अगदी खरं सांगतो, काय सांगायचं ते वाक्यसुद्धा मी मनात जुळवत होतो.

अर्ध्या तासाने तो आला. गळ्यात कार्ड नव्हतं.

"काय केलंस?"

"कोरा कागद मागितला. मराठीत लिहून दिलं." त्याने मला फोनमध्ये फोटो दाखवलान. पट्टी बांधलेल्या हाताचं अक्षर, वाकडंतिकडं. 'सकाळी लाईन थंड असताना ऑपरेटर रामा हे कॉक उघडून व व्हॉल्व अर्धा आटा देऊन थांबत असत, हे मी चार वर्षे रोज पाहत होतो. त्यांनी काहीही लपवलेले नाही. ही चौकट मी केली नाही. जबाबदारी माझी आहे.' खाली सही. संदेशची, नुसती संदेशची.

मी त्याच्यावर ओरडलो. गेटवरचा वॉचमन बघत होता तरी ओरडलो. तुला शिकवला तो ह्यासाठी काय, आईला काय सांगू, वाडीत काय सांगू. सगळं बोलून झालं. मग तो बोलला, "दादा, तुझं नाव घातलेलं नाही. तू काळजी करू नको. चल."

मी टेम्पो चालू केला आणि क्लच न दाबताच गिअर ओढला.

काकांना कंपनीने कमी केलं नाही, दवाखानाही केला. तो कागद फाइलला होता म्हणूनच. संदेशचं कंत्राट मे अखेर संपलं. पावसाळ्यात आर्या मॅडमचा फोन आला होता. कॉकला मोटार बसवली, चौसष्टावी चौकट केली, चार मिनिटांची, नाव काय देऊ? संदेश बोलला, "वॉर्म-अप दे." फोन ठेवलान आणि मागच्या दारी जाऊन बसला.

आता तो बागांचे पंप बघतो. चिपळूणच्या, चाकणच्या कंपन्यांनी मुलाखतीला बोलावलं त्याला, चार ठिकाणी. विचारतात, आधीची नोकरी का सुटली? मी सांगतो, काय तरी सांग रे, कंत्राट संपलं सांग, ते खोटं पण नाही. तो सगळं सांगतो. पुरतं, कॉकपासून. मग ते बोलतात, कळवतो. पंपाचं काम सांगायला कोणी आलं आणि मी 'आमचा इंजिनिअर' असं बोललो, की तो उठून आत जातो. आईशी बोलतो. माझ्याशी कामापुरतं.

तर सहाणेवर बोलणाऱ्यांनो, संदेशने कंपनी फोडली नाही. चौकट त्याची राहिली हे खरं, त्याने स्वतःच लिहून दिलंय. पण ती करू काय म्हणून तो ज्याच्याकडे आला होता, त्याने त्याला वेड्यात काढून परतवला. तो मी. सही करायला सांगणारा पण मीच. तुमच्यातल्या किती जणांनी समोर कायम नोकरीचा कागद ठेवलेला असताना कोरा कागद मागितला असता? माझा भाऊ आहे तो. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि त्याच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नाही, दोन्ही एकदम.

रामाकाकांना माझ्या भागाचं मी अजून सांगितलेलं नाही. दोनदा त्यांच्या घरापुढच्या खळ्यापर्यंत जाऊन परत आलो. त्यांच्याकडेही हा अंक येईल. त्यांना आता बारीक अक्षर वाचता येत नाही, चिमाकाकी वाचून दाखवते. ती वाचेल.